हा उजेड नेमका कुणाचा?

माणसाच्या रक्तात सीडी४ या प्रथिनाची रंगीत अँटिबॉडी घालून नमुना फ्लो सायटोमीटरवर लावला की पडद्यावर दोनऐवजी तीन ढीग दिसतात. डावीकडे न उजळलेल्या पेशींचा, उजवीकडे लख्ख उजळलेल्या मदतनीस टी-पेशींचा आणि या दोघांच्या मध्ये एक मंद ढीग. नवख्याला वाटतं, या नीट न रंगलेल्या टी-पेशी असणार. प्रत्यक्षात ते मोनोसाइट असतात. त्यांच्या पृष्ठभागावरही सीडी४ असतं, फक्त कमी. अँटिबॉडीने आपलं काम चोख केलेलं असतं, वाचणाराच चुकतो. त्याच ट्यूबमध्ये सीडी३ची अँटिबॉडी असती तर मोनोसाइट लगेच बाजूला पडले असते, कारण सीडी३ टी-पेशींवर असतं आणि मोनोसाइटवर नसतं.

यंत्राला प्रथिन दिसत नाही. त्याला दिसतो फक्त प्रकाश. द्रवाच्या बारीक धारेतून पेशी एकामागोमाग एक लेझरसमोरून जातात, सेकंदाला काही हजार. पुढे विखुरलेल्या प्रकाशावरून पेशीच्या आकारमानाचा ढोबळ अंदाज येतो, बाजूला विखुरलेल्या प्रकाशावरून आतल्या कणीदारपणाचा. पेशीला चिकटलेल्या अँटिबॉडीवरचं रंगद्रव्य आपापल्या रंगात चमकतं, फिल्टर तो रंग वेगळा काढतात, डिटेक्टर त्याचा आकडा करतो. तो आकडा कशामुळे आला हे मात्र माणसालाच ठरवावं लागतं. म्हणून स्टेनिंगच्या प्रत्येक पायरीवर एक प्रश्न जागा ठेवावा: हा उजेड नेमका कुणाचा? आणि जिथे उजेड नाही तिथे दुसरा: प्रथिन खरंच नाही, की अँटिबॉडी तिथवर पोचलीच नाही?

अँटिबॉडीला चमकणारं रंगद्रव्य जोडण्याची युक्ती हार्वर्डच्या आल्बर्ट कून्स यांची, १९४०च्या दशकाच्या सुरुवातीची. पण तेव्हाच्या अँटिबॉडीज प्राण्यांच्या रक्तातून काढलेल्या, म्हणजे सरमिसळ असायच्या. १९७५ मध्ये केंब्रिजला कोहलर आणि मिल्स्टाइन यांनी एकाच जागेवर बसणारी, हवी तितकी तयार करता येणारी मोनोक्लोनल अँटिबॉडी बनवली. स्टॅनफर्डमध्ये लेनर्ड हर्झेनबर्ग यांच्या गटाने पेशी उजेडावरून वेगळ्या करणारं यंत्र आधीच उभं केलं होतं. दोन्हींची गाठ पडली आणि प्रयोगशाळांमधून अँटिबॉडीजचा पूर आला. एकाच प्रथिनाला दहा ठिकाणी दहा नावं पडू लागली, तेव्हा १९८२ मध्ये पॅरिसला भरलेल्या कार्यशाळेत सीडी क्रमांकांची पद्धत सुरू झाली.

सीडी क्रमांक प्रथिनाचं नाव सांगतो. अँटिबॉडी त्या प्रथिनाच्या कोणत्या भागावर बसते हे क्लोनच्या, म्हणजे ती अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशीवंशाच्या, नावावरून कळतं, आणि कॅटलॉगमध्ये लोक नेमकं तेच वाचत नाहीत. सीडी४चेच क्लोन पाहावेत. एसके३ आणि आरपीए-टी४ प्रथिनाच्या बाहेरच्या टोकाजवळ बसतात, जिथे एचआयव्हीही पकड घेतो. ओकेटी४ खालच्या भागावर बसतो, त्यामुळे विषाणूने टोक व्यापलेलं असलं तरी त्याला जागा मिळते. पण काही माणसांच्या, विशेषतः आफ्रिकी वंशाच्या काही लोकांच्या सीडी४मध्ये ओकेटी४ची जागाच थोडी वेगळी असते. अशा निरोगी माणसाच्या रक्तात ओकेटी४ वापरला तर मदतनीस टी-पेशी नाहीतच असं चित्र उमटतं. तेव्हा ऑर्डर देण्याआधी क्लोनचं नाव, तो माणसाच्या की उंदराच्या पेशींसाठी आहे आणि फ्लोसाठी तपासलेला आहे का, हे तिन्ही पाहावं. पाश्चर संस्थेतून आलेला असो की शेजारच्या खोलीतून, दुसऱ्याचा प्रोटोकॉल उचलताना क्लोनही तोच उचलावा.

यानंतर रंगांची वाटणी. हे काम कागदावर करायचं आणि त्याला घाई चालत नाही. आधी आपल्या यंत्रात कोणते लेझर आहेत ते पाहावं: ४०५ नॅनोमीटरचा जांभळा, ४८८चा निळा, ५६१चा पिवळा-हिरवा, ६४०च्या आसपासचा लाल. एपीसी हे रंगद्रव्य निळ्या लेझरवर जवळपास चमकतच नाही, त्याला लालच लागतो. मग एक जुना आणि अजून न हरलेला नियम: जे प्रथिन पेशीवर कमी आहे त्याला तेजस्वी रंग द्यावा, जे भरपूर आहे त्याला मंद. सीडी४५ प्रत्येक पांढऱ्या पेशीवर खच्चून असतं, त्याला मंद रंगही पुरतो. सीडी२५ची गोष्ट उलटी. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये उंदरांमध्ये दाखवून दिलं की प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या टी-पेशी सीडी४ आणि सीडी२५ या जोडीवरून ओळखता येतात. या कामाच्या धाग्यावर २०२५चं नोबेल आलं. पण माणसाच्या रक्तात सीडी२५ असलेल्या आणि नसलेल्या पेशींमध्ये स्वच्छ दरी नसते. मंदपासून तेजस्वीपर्यंत सलग उतार असतो आणि नियामक पेशी त्याच्या वरच्या टोकाला असतात. इथे सीडी२५ला एफआयटीसीसारखा मंद रंग दिला तर उतार कुठे तोडायचा हेच कळत नाही. पीई किंवा बीव्ही४२१ सारखा तेजस्वी रंग दिला की टोक वेगळं दिसू लागतं, आणि सोबत सीडी१२७ घेतलं, जे या पेशींवर कमी असतं, तर निर्णय आणखी सोपा होतो.

पीई हे लाल शेवाळातून मिळणारं मोठं प्रथिन आहे. एका अँटिबॉडीला साधारण एकच रेणू जोडला जातो, तरी तो एफआयटीसीपेक्षा कितीतरी तेजस्वी. म्हणूनच सगळ्यांना आपली आवडती अँटिबॉडी पीईमध्ये हवी असते आणि पॅनेल, म्हणजे एका ट्यूबमधल्या रंगीत अँटिबॉडीजचा संच, ठरवण्याच्या बैठकीत भांडण नेमकं त्याच एका जागेसाठी होतं.

अँटिबॉडी आली की लगेच नमुन्यात घालू नये. बाटलीवर लिहिलेलं प्रमाण, बहुधा १०० मायक्रोलिटरमध्ये ५ मायक्रोलिटर, हे कंपनीच्या परिस्थितीतलं असतं. आपल्या पेशींवर, आपल्या यंत्रावर ते तपासून घेणं म्हणजे टायट्रेशन. पेशींची संख्या आणि एकूण आकारमान सगळ्या ट्यूबमध्ये सारखं ठेवावं आणि अँटिबॉडी १०, ५, २.५, १.२५, ०.६, ०.३ मायक्रोलिटर अशी निम्म्या-निम्म्याने उतरवत जावी. मग प्रत्येक ट्यूबचा स्टेन इंडेक्स काढावा: उजळलेल्या पेशींच्या मध्यकातून न उजळलेल्यांचा मध्यक वजा करायचा आणि न उजळलेल्यांच्या प्रमाण विचलनाच्या दुपटीने भागायचं. समजा १० मायक्रोलिटरला उजळलेल्या पेशी १३,००० वर, न उजळलेल्या ६०० वर आणि त्यांचं विचलन २५०. इंडेक्स साधारण २५. आता १.२५ मायक्रोलिटरला उजळलेल्या पेशी १२,००० वर उतरल्या, पण न उजळलेल्या २०० वर आल्या आणि विचलन १०० झालं. इंडेक्स ५९. म्हणजे अँटिबॉडी कमी घातली आणि चित्र दुपटीहून स्वच्छ झालं, कारण जास्तीची अँटिबॉडी नको त्या पेशींना चिकटून तळ उचलत होती. शिवाय ५ ऐवजी १.२५ वर भागलं की १०० चाचण्यांची बाटली ४०० चाचण्यांना पुरते. बाहेरून मागवलेली बाटली हातात पडायला आठवडे लागतात तिथे हा हिशेब संशोधन निधीच्या अर्जाइतकाच गंभीरपणे करावा.

आता प्रत्यक्ष स्टेनिंग. खोटा उजेड इथे तीन वाटांनी शिरतो.

पहिली वाट मेलेल्या पेशींची. त्यांचं आवरण फाटलेलं असतं आणि त्या दिसेल ती अँटिबॉडी धरून ठेवतात. ताज्या रक्तात त्या थोड्या असतात, पण गोठवून वितळवलेल्या पेशी, प्लीहा, गाठीचा तुकडा यांत त्यांचं प्रमाण चिंता करण्याइतकं असू शकतं. पॅनेलमधला एक रंग मेलेल्या पेशी ओळखण्यासाठी राखून ठेवावाच. नमुना पुढे फिक्स करायचा नसेल तर ७-एएडी किंवा डॅपी पुरतं. फिक्स करायचा असेल तर प्रथिनांच्या अमाइन गटांना पक्कं जोडलं जाणारं व्हायबिलिटी रंगद्रव्य घ्यावं. ते मात्र साध्या पीबीएसमध्येच घालावं. नेहमीच्या सवयीने सीरम असलेल्या बफरमध्ये घातलं तर रंगद्रव्य सीरमच्या प्रथिनांनाच चिकटून संपतं आणि मेलेल्या पेशी जिवंत म्हणून मोजल्या जातात.

दुसरी वाट एफसी रिसेप्टरची. मोनोसाइट, मॅक्रोफेज, बी-पेशी यांच्यावर अँटिबॉडीची शेपटी धरणारी प्रथिनं असतात, तोच त्यांचा धंदा. आपली अँटिबॉडी टोकाने योग्य जागी बसण्याऐवजी शेपटीने पकडली जाते. त्यासाठी स्टेनिंगआधी एफसी ब्लॉक: उंदराच्या पेशींसाठी २.४जी२ हा क्लोन, माणसाच्या पेशींसाठी मानवी आयजीजी किंवा तयार ब्लॉक. मोनोसाइट याउपरही छळतात. सायनाइन असलेल्या काही रंगांना ते थेट चिकटतात आणि तिथे एफसी ब्लॉकने भागत नाही, वेगळा मोनोसाइट ब्लॉकर लागतो.

तिसरी वाट खुद्द रंगद्रव्यांची. पीई-साय७, एपीसी-साय७ हे जोडरंग आहेत: पहिला प्रकाश घेतो आणि दुसऱ्याकडे ढकलतो, दुसरा चमकतो. ट्यूब उजेडात राहिली किंवा फिक्स करून फार काळ ठेवली की ही जोडी तुटते आणि पीई स्वतःच्या रंगात चमकू लागतं. ज्या पेशींवर पीईची अँटिबॉडी नाही त्या पीईमध्ये उजळतात आणि संशोधकाला नवा पेशीप्रकार सापडल्याचा भास होतो. असा शोध लागला की आधी फ्रीजचं दार किती वेळ उघडं होतं ते विचारावं. पीई आणि एपीसी असलेल्या बाटल्या चार अंशांवर, अंधारात ठेवाव्यात, कधीही गोठवू नयेत. बीव्ही कुळातले पॉलिमर रंग दोन किंवा अधिक असतील तर ते एकमेकांना चिकटतात, म्हणून मिश्रण त्यांच्यासाठीच्या खास स्टेन बफरमध्ये करावं.

क्रम असा ठेवावा: पीबीएसने धुणं, व्हायबिलिटी रंग, पुन्हा धुणं, एफसी ब्लॉक, मग सगळ्या अँटिबॉडीजचं एकत्र मिश्रण, २० ते ३० मिनिटं अंधारात. बहुतेक पृष्ठभागीय प्रथिनांना चार अंश आणि बफरमध्ये थोडं सोडियम अझाइड सोयीचं, कारण थंडीत पेशी चिकटलेली अँटिबॉडी आत ओढत नाहीत. अपवाद आहेत. सीसीआर७ सारखे केमोकाइन रिसेप्टर ३७ अंशांवर जास्त चांगले रंगतात. एचआयव्ही किंवा हिपॅटायटिसबाधित नमुने शेवटी १ ते २ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये फिक्स करावेत आणि यंत्रावर शक्यतो चोवीस तासांत लावावेत.

कॉम्पेन्सेशन हा शब्द ऐकला की बऱ्याच जणांचा हात सॉफ्टवेअरच्या बटणाकडे जातो, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. एफआयटीसीचा प्रकाश हिरवा, पण त्याची शेपटी पीईच्या डिटेक्टरपर्यंत पोचते. फक्त एफआयटीसीने रंगवलेल्या पेशी स्वतःच्या डिटेक्टरमध्ये १०,००० आणि पीईच्या डिटेक्टरमध्ये १,५०० दाखवत असतील तर गळती १५ टक्के, आणि प्रत्येक पेशीच्या पीईच्या आकड्यातून तिच्या एफआयटीसीच्या १५ टक्के वजा करायचे. गणित शाळेतलं आहे. पण ते टक्के ज्या एकरंगी ट्यूबवरून काढायचे ती ट्यूब प्रामाणिक हवी. ती नमुन्याइतकी किंवा त्याहून तेजस्वी असावी. तिच्यातल्या उजळलेल्या आणि न उजळलेल्या कणांची मूळ चमक सारखी असावी, म्हणजे पेशींऐवजी अँटिबॉडी धरणारे कृत्रिम मणी वापरले तर मण्यांची तुलना मण्यांशी, आणि पेशींची पेशींशी. रंग तोच असावा: एफआयटीसीच्या जागी त्याच्यासारखा दिसणारा दुसरा हिरवा रंग चालत नाही. जोडरंगांच्या बाबतीत तर बाटलीही तीच हवी, कारण दोन लॉटमध्ये ढकलण्याची ताकद सारखी नसते. नमुना फिक्स केला असेल तर एकरंगी ट्यूबही फिक्स कराव्यात.

कॉम्पेन्सेशन सरासरी जागेवर आणतं, पसरलेपण मात्र तसंच ठेवतं. गळती मोठी असेल तर वजाबाकीनंतरही न उजळलेल्या पेशी फुगून पसरतात आणि मंद प्रथिन त्या पसाऱ्यात बुडतं. पीई-साय५ आणि एपीसी हे त्याचं ठसठशीत उदाहरण. दोघांचा उजेड जवळपास एकाच रंगाचा आणि साय५ लाल लेझरवर स्वतःच चमकतं. नेहमीच्या यंत्रावर ही जोडी एका पॅनेलमध्ये घेऊच नये. स्पेक्ट्रल यंत्रं प्रत्येक रंगाचा संपूर्ण ठसा वाचतात, त्यामुळे तिथे जवळचे रंगही सुटे करता येतात. २०२० मध्ये एका नळीत चाळीस रंगांचं पॅनेल प्रसिद्ध झालं. तरी पसाऱ्याचा नियम तिथेही मोडत नाही.

उजळलेल्या आणि न उजळलेल्या पेशींमधली रेघ कुठे मारायची हे ठरवण्यासाठी एफएमओ नियंत्रण करावं, म्हणजे पॅनेलमधले सगळे रंग घालून फक्त एक वगळलेली ट्यूब. सीडी२५ वगळलं तरी सीडी२५च्या डिटेक्टरमध्ये जितका उजेड दिसतो तो सगळा इतरांचा, आणि खरी सीमा त्याच्या वर. आयसोटाइप नियंत्रणावर, म्हणजे त्याच प्रकारच्या पण कशावरही नेम नसलेल्या अँटिबॉडीवर, रेघ मारण्याची सवय अजून टिकून आहे, पण ती सोडावी. आयसोटाइपच्या अँटिबॉडीवर किती रंगद्रव्य बसलंय आणि ती किती प्रमाणात घातली आहे, हे आपल्या अँटिबॉडीशी क्वचितच जुळतं.

रेघ मारण्याआधी चिकटलेल्या जोड्या काढून टाकाव्यात. एक टी-पेशी आणि एक बी-पेशी चिकटून गेल्या तर यंत्राला एकच पेशी दिसते, जिच्यावर सीडी३ही आहे आणि सीडी१९ही. पुढच्या प्रकाशाचं क्षेत्रफळ आणि उंची यांचा आलेख काढला की अशा जोड्या कर्णरेषेवरून बाजूला सरकलेल्या दिसतात. त्या वगळाव्यात, मग मेलेल्या पेशी वगळाव्यात, आणि त्यानंतरच सीडी क्रमांकांकडे वळावं.

उजेड बरोबर वाचूनही आकडा चुकू शकतो, आणि त्याची किंमत भारताने जवळून पाहिली आहे. २००४ पासून सरकारी केंद्रांत एचआयव्हीवरची औषधं मोफत मिळू लागली, तेव्हा कोणाला द्यायची हे सीडी४च्या आकड्यावर ठरायचं. आधी २०० खाली, मग ३५०. २०१७ पासून सगळ्यांनाच उपचार मिळू लागले. ही मोजणी ट्यूबमध्ये ठराविक संख्येने घातलेल्या मण्यांवर चालते. समजा ट्यूबमध्ये ५०,००० मणी आणि ५० मायक्रोलिटर रक्त आहे, यंत्राने १०,००० मणी आणि ४,००० सीडी४ पेशी मोजल्या. ४,००० भागिले १०,०००, गुणिले ५०,०००, भागिले ५०, म्हणजे मायक्रोलिटरमागे ४०० पेशी. पिपेटने ५० ऐवजी ४५ मायक्रोलिटरच उचललं असेल तर तोच रुग्ण ३६०वर येतो. म्हणून अशा चाचणीत रिव्हर्स पिपेटिंग करावं: दुसऱ्या टप्प्यापर्यंत दाबून जास्त रक्त घ्यावं आणि पहिल्या टप्प्यापर्यंतच सोडावं. टिपच्या बाहेर लागलेला थेंब पुसावा. ईडीटीएमधलं रक्त खोलीच्या तापमानाला ठेवावं, फ्रीजमध्ये नको, आणि साधारण ४८ तासांच्या आत रंगवावं.

राहिला अंधाराचा प्रश्न, आणि तो जास्त फसवा असतो. खोटा उजेड निदान डोळ्याला खुपतो, खोट्या अंधारावर लोक पटकन विश्वास ठेवतात. ऊतीचा तुकडा सुटा करताना ट्रिप्सिन वापरलं तर पेशीवरची काही प्रथिनं तिथेच कापली जातात. पेशी उत्तेजित झाल्या किंवा गोठवल्या की सीडी६२एल गळून पडतं. उत्तेजित टी-पेशी सीडी३ आत ओढून घेतात. अस्थिमज्जेचा नमुना पडून राहिला तर मायलोमाच्या पेशींवरचं सीडी१३८ कमी होत जातं.

सगळ्यात अवघड अंधार औषधांमुळे येतो. मायलोमाच्या रुग्णाला डाराटुमुमॅब दिलं असेल तर औषध स्वतःच सीडी३८वर जाऊन बसलेलं असतं, आणि नेहमीच्या क्लोनला काही महिने जागा मिळत नाही. अहवालात सीडी३८ नाही असं लिहिणं तेव्हा चूक ठरतं. तिथे सीडी३८च्याच वेगवेगळ्या जागांवर बसणारी अँटिबॉडी वापरावी आणि पेशी दुसऱ्या प्रथिनांवरून शोधाव्यात. निव्होलुमॅब घेतलेल्या रुग्णाच्या पीडी-१चं तेच.

ल्युकेमियात पणाला जास्त लागतं. उपचारानंतर उरलेली एक रोगट पेशी दहा हजारांत शोधायची असते. पाच लाख पेशी मोजल्या तर हाती जेमतेम पन्नास लागतात. बी-पेशींच्या ल्युकेमियात त्या शोधण्याची सुरुवात वर्षानुवर्षं सीडी१९ने व्हायची. आता सीडी१९वरच नेम धरणारे उपचार आले आहेत. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून घडलेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. अशा उपचारानंतर रोग परतला तर काही रुग्णांत तो सीडी१९ टाकून देऊन परततो. सीडी१९च्या दरवाजातूनच आत बघणाऱ्याला तो दिसणारच नाही. अशा नमुन्यात सुरुवात सीडी२२, सीडी२४ आणि पेशीच्या आतल्या सीडी७९एपासून करावी, सीडी१९ केवळ माहितीसाठी ठेवावं.

हे सगळं नमुना हातात येण्याआधी कळायला हवं. त्यासाठी सोबतच्या फॉर्मवर दोन रकाने छापून घ्यावेत: रुग्णाला कोणतं अँटिबॉडी-औषध किंवा कार-टी दिलं, आणि शेवटचा डोस कधी झाला. रकाने कोरे आले तर पॅनेल निवडण्याआधी वॉर्डात फोन करावा आणि उत्तर मिळेपर्यंत ट्यूब बाजूला ठेवावी.